दीर्घकथेच्या लांबीची प्रेमकथा: ११,४०० शब्दांचं काय करू?

रातराणी | ९ जून, रात्री ११:५२

मंडळी, डोकं धरून बसलेय म्हणून धागा काढतेय.

एक प्रेमकथा लिहून झाली. भरली ११,४०० शब्दांची. एका दिवाळी अंकाकडे विचारणा केली (नाव विचारू नका), तर उत्तर आलं, ‘कथा तीन ते चार हजार शब्द. लघुकादंबरी पंचवीस हजारांच्या पुढे. मधलं सध्या घेत नाही.’ म्हणजे माझ्या गोष्टीची गत मधल्या जावेसारखी. थोरलीचा मान नाही, धाकटीचे लाड नाहीत.

गोष्ट थोडक्यात अशी. गौरी अकरा वर्षांनी मिरजेला येते, आत्याचा तंबोरा घेऊन. आत्याचा गळा गेलाय, तंबोरा विकून टाक म्हणते. विकण्याआधी जवारी काढून घ्यावी (म्हणजे तारा टेकतात ती घोडी कानशीने घासून नाद गुंजता करून घ्यावा) म्हणून गौरी सतारमेकर गल्लीत जाते, तर दुकानात कानस घेऊन बसलेला श्रीधर. बारावीपर्यंत एका वर्गातला. पुढचं तुम्हाला कळलंच असेल. शेवटी लग्न.

एक मैत्रीण म्हणाली, ‘श्रीधरची पहिली बायको आण, पंचवीस हजार सहज होतील.’ दुसरी म्हणाली, ‘चार हजारांवर आण, वाचायला वेळ कुणाला आहे?’

कापू की फुगवू? इंग्रजीत या लांबीला नॉव्हेलेट म्हणतात एवढं माहीत आहे. तिकडे प्रेमकथावाले याचं काय करतात?

---

गवतीचहा | १० जून, सकाळी ७:१५

फुगवू नकोस. पहिली बायको तर अजिबात आणू नकोस, बिचारीने काय घोडं मारलंय.

सविस्तर संध्याकाळी.

---

अडगळ | १० जून, सकाळी ९:४०

आकडे देऊन ठेवतो. नॉव्हेलेटची काटेकोर व्याख्या प्रेमकथावाल्यांची नाहीच, विज्ञानकथा आणि फँटसीवाल्यांची आहे. नेब्युला आणि ह्यूगो पुरस्कारांचे विभाग असे: ७,५०० शब्दांच्या आत लघुकथा, तिथून १७,५०० पर्यंत नॉव्हेलेट, तिथून ४०,००० पर्यंत नॉव्हेला, पुढे कादंबरी. तुझी गोष्ट बरोबर नॉव्हेलेटच्या पोटात बसते.

प्रेमकथांकडे मात्र तो खण नाही. अमेरिकेतल्या रोमान्स लेखकांच्या संघटनेचे रिटा पुरस्कार होते, त्यात नॉव्हेलाचा विभाग २०,००० ते ४०,००० शब्दांचा. त्याखालच्यांनी घरी बसायचं. (रिटा आता बंद झाले. २०२१ला व्हिव्हियन नावाने नवे पुरस्कार आले आणि २०२४ला संघटनेने दिवाळखोरीचा अर्जच केला. असो.)

म्हणजे तिकडेही तू मधली जाऊच.

---

कोकमसरबत | १० जून, दुपारी १:०५

माझा विरोध नोंदवून घ्या. अकरा हजार शब्दांत प्रेम कसं होईल? आमच्या घरी अकरा हजार शब्दांत रात्रीची भाजी ठरत नाही.

प्रेमकथा म्हणजे मला तरी लांबलचकच हवी. कॉलेजात असताना लायब्ररीतून मिल्स अँड बून आणायचे, पहिल्या पानावर मागच्या पोरींनी पेन्सिलीने दिलेले शेरे असायचे: ‘बोअर’, ‘हीरो गाढव’, ‘पान १४० पासून वाच’. ती पुस्तकं साधारण पन्नास हजार शब्दांची. रविवार दुपार बरोबर भरायची. नॉव्हेलेट म्हणजे चहाबरोबरचं खारी बिस्कीट, जेवण नव्हे.

---

ओसरी | १० जून, सायंकाळी ५:३०

कॉलेजात तीस वर्षं इंग्रजी शिकवलं, त्यामुळे या शब्दाबद्दल थोडं बोलायचा हक्क बजावतो.

नॉव्हेलेट या शब्दाचं आणि प्रेमकथेचं नातं पुरस्कारांपेक्षा फार जुनं आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लंडनमध्ये दर आठवड्याला स्वस्तातली चोपडी निघत. त्यांच्या नावातच नॉव्हेलेट असे. एका अंकात एक आख्खी गोष्ट, बहुतेक वेळा प्रेमाची. वाचक कोण, तर दुकानात काम करणाऱ्या मुली, शिवणकाम करणाऱ्या, मोलकरणी. सभ्य मंडळींना अर्थातच हे आवडलं नाही आणि इंग्रजीत एक विशेषणच तयार झालं, नॉव्हेलेटिश. अर्थ: भडक, गुळचट, स्वस्त. आजही शब्दकोशात आहे. लांबीच्या नावाची शिवी झाली. कादंबरीची झाली नाही, लघुकथेची झाली नाही, नेमकी हिचीच झाली, कारण वाचणाऱ्या त्या होत्या.

पुढे अमेरिकेत १९२१ला ‘लव्ह स्टोरी मॅगझिन’ निघालं, स्वस्त कागदावरचं. १९२८पासून जवळजवळ वीस वर्षं डेझी बेकन नावाच्या बाई त्याच्या संपादक होत्या. अनुक्रमणिकेत नॉव्हेलेट हा वेगळा प्रकार छापलेला असे: क्रमशः कादंबरी वेगळी, लघुकथा वेगळ्या, नॉव्हेलेट वेगळी. कारण साधं. साप्ताहिक विकत घेणारीला पुढच्या आठवड्याची ओढ हवी, पण या आठवड्यात एक तरी गोष्ट भरपेट आणि पूर्ण मिळायला हवी. कोकमताईंचं खारी बिस्कीट त्या काळात पोटभरीचं होतं.

अवांतर: आपण ज्याला कादंबरी म्हणतो तो शब्द बाणभट्टाच्या प्रेमकथेवरून आला. ती बाणभट्टाच्या हातून पूर्ण झाली नाही, मुलाने पुरी केली. शब्दमर्यादा न पाळण्याची परंपरा जुनी आहे, रातराणी. मनाला लावून घेऊ नकोस.

---

गवतीचहा | १० जून, रात्री ९:२०

ओसरी सर, __/\__

रातराणी, आता सांग, गोष्ट सुरू कुठे होते?

---

रातराणी | १० जून, रात्री १०:०२

पुण्यात. गौरीचं ऑफिस, तिचं मोडलेलं लग्न, मग आत्याचा फोन, मग रेल्वेचा प्रवास. श्रीधर २,१०० शब्दांनंतर येतो.

---

गवतीचहा | १० जून, रात्री १०:०४

बघ. सापडले दोन हजार.

---

ट्रेंटनकर | ११ जून, पहाटे ४:३३

इकडे न्यू जर्सीत संध्याकाळ आहे, म्हणून सवडीने लिहितो. आमची ही टोपणनावाने इंग्रजीत रोमान्स लिहिते, त्यामुळे हिशेब तोंडपाठ आहेत.

तिकडे काय करतात विचारलंस ना, तर तिकडे लांबी पैशाने ठरते. किंडल अनलिमिटेड (अमेझॉनची महिन्याचे पैसे भरून ई-पुस्तकं वाचायची योजना) २०१४ला सुरू झालं तेव्हा वाचकाने पुस्तकाचे पहिले १० टक्के वाचले की लेखकाला ठरावीक रक्कम मिळायची, सव्वा-दीड डॉलरच्या घरात. पुस्तक पाचशे पानांचं असो की चाळीस, रक्कम तीच. मग काय, लोकांनी कादंबऱ्यांचे तुकडे पाडले. नॉव्हेलेटचा सुकाळ झाला. प्रत्येक तुकडा ऐन रंगात आला की संपायचा, पुढचा उघडा, पुन्हा दीड डॉलर.

जुलै २०१५ला नियम बदलला. आता वाचलेल्या पानांचे पैसे, पानाला अर्ध्या सेंटच्या आसपास. अकरा हजार शब्दांची साधारण पंचावन्न-साठ पानं धरली जातात. म्हणजे कुणी आख्खी वाचली तरी पाव डॉलरच्या जरा वर. विकायला ठेवली तर ९९ सेंटला ठेवावी लागते आणि २.९९ डॉलरखाली मानधन ३५ टक्केच. एका रात्रीत नॉव्हेलेट आतबट्ट्याचा धंदा झाली. हिच्या ओळखीतल्या दोघीतिघींनी तेव्हा आपले तुकडे परत शिवून कादंबऱ्या केल्या. शिवण दिसते म्हणे. दर ऐंशी पानांनी कुणीतरी दार आपटून निघून जातं.

आता नॉव्हेलेट राहिली ती दोन-तीन कामांपुरती. एक म्हणजे नमुना: ईमेल पत्ता द्या, गोष्ट फुकट घ्या. दुसरं, मालिकेतल्या दोन कादंबऱ्यांच्या मधली चूल सांभाळायला, म्हणजे दुय्यम पात्रांचं जमवून टाकायचं किंवा नायक-नायिकेच्या लग्नानंतरचा एखादा ख्रिसमस दाखवायचा. आणि नाताळाच्या तोंडावर पाचदहा जणी मिळून काढतात ते संग्रह.

हिचा अनुभव असा की पैसे फुकटच्या नॉव्हेलेटने मिळवून दिले. ती वाचून लोक कादंबरीकडे आले.

---

कोकमसरबत | ११ जून, सकाळी ८:५०

म्हणजे खारी बिस्कीटच की! तेही फुकट, चहावाल्याने गिऱ्हाईक टिकवायला दिलेलं.

---

जुनाटायपिस्ट | ११ जून, सकाळी ११:१५

ताई, जरा दमानं.

मी बावीस वर्षं छापखान्यात दिवाळी अंकांची जुळणी केली, आधी खिळे, मग डीटीपी. अंकातली लांबी कशी ठरते ते मला विचारा. फॉर्मा, म्हणजे एका तावावर एकदम छापला जाणारा गठ्ठा, सोळा पानांचा. गणपती होईपर्यंत साहित्य लागलेलं असायचं आणि जाहिराती पितृपक्षात हलायच्या नाहीत, नवरात्रात एकदम यायच्या. सराफाची पानभर जाहिरात आली की कथेचं एक पान उडालं. नाही आली की पान उघडं. मग फोन, ‘एखादी कविता आहे का?’ बाराचा टाइप अकरा करायचा, ओळींमधलं अंतर मारायचं, चित्रकाराच्या रेखाटनाला चिमटा काढायचा, हे सगळं करून दीर्घकथा बसवलेली आहे मी. तीन-चार हजारांची कथा कुठेही बसते, भरल्या बसमध्ये पोर बसतं तशी. लघुकादंबरीला मागचे दोन-तीन फॉर्मे आधीच राखून ठेवलेले असतात, नाव मुखपृष्ठावर जातं. अकरा हजारवाली दीर्घकथा म्हणजे वीस-बावीस पानं. एक फॉर्मा भरून वर चार-सहा पानं उरतात. ती संपादकाला नको असते असं नाही, ती जुळणाऱ्याला नको असते!

तरी वर्षानुवर्षं लागायच्या. आणि मुद्रितं तपासताना दीर्घकथा आली की मी चहा बाजूला ठेवून वाचायचो. का, ते सांगतो.

प्रेमकथेत सगळ्यात जास्त जागा खाते ती ओळख. हा कोण, ती कोण, पहिल्यांदा दिसली कशी, मग दुसऱ्यांदा कशी, त्याला काय आवडतं. हे पटवायलाच पन्नास हजार लागतात. पण ओळख आधीच झालेली असली, म्हणजे जुने शेजारी, मोडलेलं ठरलेलं, एका वर्गातली, तर तो सगळा खर्च वाचतो. उरतो एकच प्रश्न, तेव्हा का नाही झालं आणि आता होईल का. त्याला दहा हजार रग्गड. चार हजारांत मात्र नुसती आठवण होते, माणूस बदललेला दिसत नाही.

रातराणीबाईंची गोष्ट नेमकी तशी आहे. ती जन्मानेच दीर्घकथा आहे. तिला फुगवली तर पहिली बायको येणारच, कारण रिकामी जागा कुणीतरी भरायला लागते.

---

अडगळ | ११ जून, सकाळी ११:३१

+१००. टायपिस्टकाकांचा प्रतिसाद वेगळा धागा करून वर चिकटवा.

---

कोकमसरबत | ११ जून, दुपारी २:१०

काका, ओळखीचा मुद्दा मान्य. पण मग अनोळखी माणसांची दीर्घकथा होतच नाही असं म्हणायचंय का? दरड कोसळून कोकण रेल्वे रात्रभर अडकली, डब्यात दोघं, सकाळी गाडी सुटते. ही अकरा हजारांत बसते की.

---

जुनाटायपिस्ट | ११ जून, दुपारी ३:४५

बसते. कारण तिथे काळ चिमटीत आहे, एक रात्र. पण सकाळी त्यांचं लग्न लावू नका. सकाळी फोन नंबर दिला-घेतला, इथपर्यंतच.

---

अडगळ | ११ जून, सायंकाळी ६:००

आणि इथेच तिकडची गोची आहे. वर म्हटलं त्या संघटनेची रोमान्सची व्याख्या दोन अटींची: गोष्टीच्या केंद्रस्थानी प्रेम हवं आणि शेवट समाधानाचा, आशेचा हवा. दुःखान्त असला की ती त्यांच्या लेखी रोमान्स नाहीच, नुसती प्रेमाची गोष्ट. शेवटाचेही दोन वाण आहेत. एचईए, म्हणजे सुखाने नांदू लागले. आणि एचएफएन, म्हणजे सध्यापुरतं तरी सुखात आहेत. लांब कादंबरीला पहिला शोभतो, कारण वाचकाने त्यांना भांडताना, रुसताना, आजारपण काढताना पाहिलेलं असतं. छोट्या लांबीत तोच शेवट दिला की कुणीतरी घाईघाईने अक्षता टाकल्यासारखं वाटतं.

रातराणी, तुझं लग्न किती शब्दांचं आहे?

---

रातराणी | ११ जून, रात्री ९:४८

९००. 🙈 गोंधळी लोकांचं जेवणही आहे त्यात.

---

बुचाचंफूल | ११ जून, रात्री १०:३०

सगळे इंग्रजी शब्दसंख्या मराठीला लावताय म्हणून मध्येच बोलते. भाषांतरं करते. आपल्याकडे ‘घरासमोरच्यांनीसुद्धा’ हा एक शब्द. इंग्रजीत त्याचे सहा-सात होतात. आपली विभक्ती, शब्दयोगी, सगळं एकाच डब्यात भरलेलं. माझी स्वतःची एक कथा मराठीत ९,८०० होती, इंग्रजी करताना १३ हजारांच्या वर गेली, आणि मी एक वाक्यही वाढवलं नव्हतं. तेव्हा नेब्युलाच्या पट्टीने मराठी कापड मोजू नका. रातराणीची ११,४०० ही तिकडच्या मापाने पंधरा हजारांची भरेल.

---

गवतीचहा | १२ जून, सकाळी ७:०५

रातराणी, गोष्टीतला एखादा तुकडा टाक ना. नुसत्या आकड्यांनी डोकं उठलं.

---

रातराणी | १२ जून, रात्री ११:२०

हा जवारीचा प्रसंग. गोष्टीच्या साधारण मध्यावर येतो.

> श्रीधरने घोडीवर फुंकर मारली. कानशीचा भुगा उडाला. मग बोटाएवढं सूत तोडून त्याने खर्जाच्या तारेखाली घातलं.
> ‘छेड.’
> तिने छेडली. टण्ण. पत्र्यावर खडा पडावा तसं.
> त्याने सूत केसभर पुढे घेतलं. ‘आता.’
> टण्ण.
> ‘तुझा हात घाबरलाय,’ तो म्हणाला. ‘तार नाही घाबरलेली.’
> ‘अकरा वर्षं हात लावला नाही मी.’
> ‘मी कुठे लावला?’ तो सुताकडेच बघत होता. ‘आत्यांचा तंबोरा दुसऱ्यांनी आणला असता तर मी भावाकडे दिला असता.’
> आणखी केसभर. आणि या वेळी खर्ज उघडला. आधी आवाज आला, मग त्या आवाजाच्या आतून दुसरा आला, मग खोलीतल्या टांगलेल्या भोपळ्यांमधून कुठून तरी तिसरा. दोघांपैकी कुणीही तारेवर हात ठेवून तो थांबवला नाही.

---

कोकमसरबत | १२ जून, रात्री ११:४१

...

बरं. खारी बिस्कीट मागे घेते.

---

ओसरी | १३ जून, सकाळी ६:५०

यानंतर नऊशे शब्दांचं लग्न?

---

मधलीसुट्टी | १३ जून, सकाळी १०:१२

नवीन सभासद आहे, चुकलं तर सांभाळून घ्या. प्रतिलिपी ॲपवर भाग पाडून टाका की, तिथे शब्दमर्यादेची कटकट नाही. माझी एक मालिका ६४ भागांची झाली, वाचक रोज विचारतात पुढचा भाग कधी.

---

गवतीचहा | १३ जून, सकाळी १०:५५

स्वागत आहे. पण तिथला प्रकार वेगळा ना. दर भागाच्या शेवटी काहीतरी अडकवून ठेवावं लागतं, फोन वाजला, दारात कोण उभं. वरचा प्रसंग अर्धा तोडून ‘क्रमशः’ लिहिलंस तर टण्ण एवढंच राहील. ६४ भागांची ताकद वेगळी, मला ती जमणारही नाही. पण ही गोष्ट एका बैठकीची आहे. तासाभरात वाचून झाली पाहिजे.

---

मधलीसुट्टी | १३ जून, सकाळी ११:२०

हं, ते खरंय. मी तुमचा तुकडा दोनदा वाचला. माझ्या मालिकेचा कुठलाच भाग मी दोनदा वाचलेला नाही.

---

ट्रेंटनकर | १३ जून, सायंकाळी ७:०२

हिला वाचून दाखवला. ती म्हणते, ‘मी कुठे लावला’ या वाक्यानंतर त्याने स्पष्टीकरण द्यायला नको. भावाचं वाक्य काढ.

---

जुनाटायपिस्ट | १३ जून, रात्री ८:३०

नको! भावाचं वाक्य राहू दे. गल्लीत दोन भाऊ एकाच दुकानात बसतात, कुणाच्या हातचं काम कुणाकडे जातं यावर सगळं चालतं. तेवढं एक वाक्य म्हणजे अकरा वर्षांचा हिशेब आहे. कादंबरीत त्याचं प्रकरण झालं असतं. दीर्घकथेत वाक्य होतं, लघुकथेत तेही गेलं असतं.

---

ट्रेंटनकर | १३ जून, रात्री ८:५८

ही विचारतेय, काका मोकळे आहेत का संपादनाला. 😄

---

रातराणी | २६ जून, रात्री १२:१५

धागा वर काढतेय, कारण काम झालं.

पुणं उडवलं. गोष्ट आता दुकानाच्या पायरीवर सुरू होते, गौरीच्या खांद्याला तंबोऱ्याची खोळ आणि आतून कानशीचा आवाज. मोडलेल्या लग्नाला दोन वाक्यं दिली. भावाचं वाक्य ठेवलं, काका. त्याऐवजी त्याच्या आधीचं ‘अकरा वर्षं’ दुसरीकडे चारदा आलं होतं, ते तीनदा काढलं. लग्न आख्खं काढलं, गोंधळी उपाशी गेले. शेवट आता असा की आत्या विचारते, ‘गिऱ्हाईक मिळालं का?’ आणि गौरी सांगते की जवारी अजून बसायची आहे, पुढच्या रविवारी परत जायचंय.

८,६०० झाले. दुसऱ्या एका अंकाला पाठवली. त्यांचं उत्तर आलंय, ‘दीर्घकथा म्हणून घेतो, पण जाहिराती बघून.’

आईला वाचायला दिली. तिने चष्मा काढून विचारलं, ‘ते सगळं ठीक आहे, पण लग्न झालं का नाही त्यांचं?’

---

जुनाटायपिस्ट | २६ जून, सकाळी ९:०५

अभिनंदन! नवरात्रात सराफाची जाहिरात येऊ नये म्हणून देवीला नारळ फोडतो.

---

कोकमसरबत | २६ जून, सकाळी ९:३०

आईंना सांग, झालं. मला पत्रिका आली होती.